पितळी पान्याची खूण

एका पितळी पान्यासाठी तीन माणसं भर समुद्रात निघाली होती!

पाना म्हणजे नटबोल्ट आवळायचा, वीतभर लांबीचा, अगदी साधा. घराखालच्या दुकानात तसले कितीतरी खिळ्यांना टांगलेले होते. पण हा पाना चाळीसेक वर्षांपूर्वी सासऱ्यांनी दूरच्या एका प्रवाळात, पाण्याखाली, स्वतःच्या हाताने खोचून ठेवला होता. तिथं त्यांना सासूबाईंना काहीतरी दाखवायचं होतं. काय, ते त्यांनी जन्मभर सांगितलं नाही, आणि मागच्या वर्षी एका दुपारी धड निरोपही न घेता ते गेले. ते काय होतं, एवढंच सासूबाईंना बघायचं होतं.

गोष्ट त्यांच्या नव्या नवलाईच्या दिवसांतली. सासरे पाणबुड्यांचे सिलिंडर भरून द्यायचे, श्वास घ्यायचे रेग्युलेटर दुरुस्त करायचे. बायकोला पाण्यात उतरायला त्यांनीच शिकवलं. त्या दिवशी होडीतच दोघांचं वाजलं. कशावरून, ते पुढे दोघांनाही आठवेना, पण भांडण मात्र तळापर्यंत बरोबर गेलं. खाली सासऱ्यांच्या नजरेला काहीतरी पडलं आणि त्यांनी पान्याने पाठीवरचा सिलिंडर वाजवला : टण... टण-टण! म्हणजे, इकडे बघ. सासूबाईंनी ऐकलं आणि मुद्दाम पाठ फिरवली. वर आल्यावर म्हणाल्या, "पाण्यात आवाज कुठून येतो ते कळतं का कुणाला?"

आता हे खरंच आहे. पाण्यात आवाज चहूकडून आल्यासारखा वाटतो. पण बायकोच्या नाकावरचा राग सासऱ्यांना मास्कच्या काचेतूनही दिसला होता. ते नुसते हसले. "पाना तिथंच खोचून आलोय. पुन्हा येऊ तेव्हा खूण सापडेल. ते सांगायचं नसतं, बघायचं असतं."

पुन्हा जाणं झालंच नाही. मूल झालं, दुकान वाढलं, आजचं उद्यावर गेलं. खाली दुकानात नवा पाना आला. रिकामा सिलिंडर त्याने वाजवून सासरे वरच्या मजल्यावर चहाची वर्दी द्यायचे : टण... टण-टण! सासूबाईही अशा की तीच हाक तीनदा वाजल्याशिवाय ओ द्यायच्या नाहीत. ते गेल्यापासून दुकानात कुणी सिलिंडर वाजवला नव्हता. सिलिंडर भरायचे, उचलायचे, ठेवायचे, पण सगळे जपून ठेवायचे, आवाज होऊ नये म्हणून.

आणि यंदा कानाच्या डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, "आजी, हा हंगाम शेवटचा. पुढे पाण्यात डोकंसुद्धा बुडवायचं नाही."

मग काय विचारता! सासूबाईंनी त्याच संध्याकाळी सूनबाईला गाठलं. सूनबाई लोकांना समुद्रात बुड्या मारायला शिकवायची, त्यामुळे मोहिमेची प्रमुख तीच. घरात तसा करारच होता : पाण्याबाहेर सासू ती सासू, पाण्यात मात्र सून ही सासू! सासूबाईंचे धाकटे भाऊ, म्हणजे मामा, आपली बोट घेऊन तयार झाले. राहता राहिले चिरंजीव. दोन पट्टीच्या पाणबुड्यांच्या पोटी जन्मलेल्या या माणसाला झोपाळ्यावर बसलं तरी मळमळायचं. ते दुकान सांभाळणार होते.

निघताना त्यांनी बायकोच्या हातात एक छोटी छिन्नी ठेवली. "पाना अडकला असेल तर लागेल. बाबांचा आहे, आणा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि आईला नीट आण. पाना नाही आला तरी चालेल."

"आई येतील आणि पानाही येईल," सूनबाईने ठणकावून सांगितलं. पण जिना उतरताना तिने पट्ट्यात खोचलेली छिन्नी दोनदा चाचपली. सासूबाई तिला पहिल्या दिवसापासून 'पोरी' म्हणत आल्या होत्या. लग्नानंतर पहिल्यांदा ताप आला तेव्हा रात्रभर उशाशी बसून होत्या, वर दुसऱ्या दिवशी "किती घोरतेस गं" म्हणून चिडवलंही होतं. या बाईंना शेवटच्या बुडीत हवं ते दाखवायचं आणि धडधाकट परत आणायचं, हे आता तिच्यावर होतं.

धक्क्यावर सामान चढवताना सासूबाईंच्या पिशवीतून लाल रंगाचं एक लांबलचक गाठोडं बाहेर पडलं.

"आई, हे काय?"

"खुणेचा फुगा. ह्यांच्या जुन्या रेनकोटचा शिवलाय. खालून हवा सोडली की पाण्यावर उभा राहतो, बोटीला दिसतो."

"अहो, माझ्याकडे आहे ना चांगला, नवीन! हा इथंच राहू दे."

"राहू दे, राहू दे," असं म्हणत सासूबाईंनी तो गुंडाळून आपल्या पट्ट्याला बांधलासुद्धा. सूनबाई आणि मामा एकमेकांकडे बघून गालातल्या गालात हसले.

ऊन चढेपर्यंत किनारा मागे पडला होता. वस्तीची शेवटची खूणही पुसली गेली आणि चहूकडे नुसतं पाणी राहिलं, जवळ हिरवट, लांब गडद निळं. दुपार व्हायच्या आत समोर दोन खडक वर आले. अलीकडचा बुटका, गुळगुळीत. त्याला सासरे 'टकल्या' म्हणायचे. पलीकडचा उंच, टोकदार; तो 'सुळका'. जागा सापडायची ती या दोघांवरून. सासूबाईंना सगळं तोंडपाठ होतं : सुळका बरोबर टकल्याच्या मागे यायला हवा, आणि त्याच्या टकलावर करंगळीच्या नखाएवढाच दिसायला हवा. जास्त नाही, कमी नाही.

मामांनी सुकाणू धरून, हात लांब करून, एक डोळा मिटून नेम साधला. "आलं! नखाएवढंच! टाकू नांगर?"

"नांगर नको," सूनबाई म्हणाली. "खाली प्रवाळ असेल तर एका नांगरात पिढ्यांची वाढ फुटेल. तुम्ही इंजिन चालू ठेवून आसपास राहा, मामा. आमचे बुडबुडे बघत राहा."

दोघी पाठीवर पडून पाण्यात उतरल्या. निळं पाणी वर मिटलं. खाली, खाली, आणखी खाली. सासूबाई दर थोड्या अंतरावर नाक दाबून कान मोकळे करत होत्या, सूनबाई त्यांच्या डोळ्यांकडे बघत होती. तळ लागला. वाळू! नुसती पांढरी वाळू, वाऱ्याने आखल्यासारख्या रेघांची. त्यांनी मोठं वर्तुळ घालून शोधलं. एक समुद्रकाकडी लोळत पडली होती, तेवढाच काय तो जिवंत शेजार. हवेचा काटा अर्ध्यावर आला तशी सूनबाईने अंगठा वर केला. चला वर.

बोटीत सासूबाई ओल्या सूटमध्ये तशाच बसून राहिल्या. मामांनी पाण्याची बाटली पुढे केली ती त्यांनी नुसतीच हातात धरली.

"ताई, इतकी वर्षं झाली. वादळं येतात, प्रवाळ मरतं..."

"मेलं असतं तर सांगाडा तरी असता," सासूबाई म्हणाल्या. "ही जागाच नाही."

सूनबाईने आकाशाकडे पाहिलं. पश्चिमेकडे ढगांची एक काळी कड दिसत होती. शरीराला विश्रांती देऊन आणखी एक बुडी मारता आली असती, फार तर एकच. ओहोटीही लागणार होती. तिच्यातली शिक्षिका सांगत होती, परत फिर. तोंडात शब्द आलेच होते, तेवढ्यात तिचं लक्ष सुकाणूपाशी ताठ उभ्या असलेल्या मामांकडे गेलं.

"आई, बाबांची होडी केवढी होती?"

"होडी कसली, टोपलं होतं! दोघं बसलो की काठ पाण्याला टेकायचा."

"आणि बाबा चालवायचे कसे? उभे राहून?"

"उभे? ते?" सासूबाईंना हसू फुटलं. "बूड टेकायला जागा असताना तो माणूस कधी उभा राहिलाय? मांडी घालून बसायचे पार तळाशी, पायाला मुंग्या येईपर्यंत..."

आणि त्या थांबल्या. दोघींनी एकदमच मामांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" मामा दचकले.

"मामा, तुमची बोट उंच, त्यात तुम्ही उभे! उंचावरून पाहिलं की पलीकडचा सुळका जास्त दिसतो. तो नखाएवढा करायला तुम्ही खडकांच्या फार जवळ आलात. जागा मागे आहे, बाहेरच्या अंगाला!"

सासूबाई तोवर शिडी उतरायलाही लागल्या होत्या. शेवटच्या पायरीवर, पाय पाण्यात सोडून, डोळे लाटांच्या जेमतेम वर ठेवून त्या लटकल्या आणि हात लांब करून करंगळी धरली. "मागे घे! हळू! अजून... अरे, वरात काढतोयस की काय, थोडं जलद! बस! बस, बस, बस!"

विश्रांतीची वेळ कशीबशी काढून दोघी पुन्हा पाण्यात उतरल्या. "पाण्यात तू सासू," उडी मारण्याआधी सासूबाई हळूच म्हणाल्या. "तू वर म्हणालीस की मी वर. हुज्जत घालणार नाही." असं त्या पहिल्यांदाच म्हणाल्या होत्या आणि सूनबाईला भरून आलं.

निळ्यातून आधी एक सावली वर आली. मग सावलीला रंग चढले.

सूनबाई श्वास घ्यायची विसरली! शेकडो बुड्या मारलेली बाई, पण असं काही तिने पाहिलं नव्हतं. फांद्याफांद्यांचं प्रवाळ नजर पोचेल तिथवर पसरलं होतं, एकही फांदी मोडलेली नाही, एकाही टोकाला पांढरेपणा नाही. जांभळे पंखे प्रवाहात हलत होते. नारिंगी माशांचा थवा फांद्यांतून बाहेर यायचा आणि दोघींना पाहून एका झटक्यात आत शिरायचा, पुन्हा यायचा. एक जाडजूड मासा सासूबाईंच्या मास्कसमोर येऊन थांबला आणि ओळख पटत नसल्यासारखा बघत राहिला. माणसाला भ्यायला इथं अजून कुणी शिकलंच नव्हतं.

सासूबाई सरळ पुढे निघाल्या. फांद्यांच्या रानापलीकडे खोलीएवढे उंच दोन प्रवाळ शेजारी शेजारी उभे होते. एक गोलसर, तपकिरी. दुसरा हिरवट, चुण्याचुण्यांचा. दोघांच्या मधोमध, तळापासून माथ्यापर्यंत, हाताच्या पंजाएवढी रुंद उघडी पट्टी होती. आणि त्या पट्टीत, छातीच्या उंचीवर, काळपट हिरवी पडलेली मूठ बाहेर आली होती. मुठीला दोरी ओवायचं भोक होतं.

पाना!

सासूबाईंनी तो धरला. हलला नाही. सूनबाईने टॉर्च लावला तेव्हा कारण दिसलं. पान्याचं तोंड तपकिरी प्रवाळाने गिळलं होतं, मधला दांडा हिरव्याने कवेत घेतला होता. पण सासूबाई आता पान्याकडे बघतच नव्हत्या. आपला टॉर्च त्या उघड्या पट्टीवरून वर नेत होत्या, खाली आणत होत्या.

आता हे जाणकाराला कळतं, आणि त्या दोघी जाणकार होत्या. दोन जातींचे प्रवाळ फार जवळ वाढले की भांडतात. रात्री बारीक धागे काढून एकमेकांच्या कडेला डसतात. कुणी हटत नाही, कुणी जिंकत नाही. मधली पट्टी तेवढी उघडी राहते. हे दोघे तर तेव्हापासून भांडत होते, कदाचित त्याच्याही आधीपासून! आणि भांडता भांडता, एकमेकांचा आडोसा धरून, खोलीएवढे झाले होते. त्यांच्या भांडणाच्या त्या चिंचोळ्या पट्टीत इवल्या इवल्या कोळंब्या आणि बोटभर मासे सुखाने संसार करत होते.

सासूबाईंच्या तोंडून बुडबुड्यांचा लोट बाहेर पडला. सूनबाई घाबरून जवळ गेली. सासूबाई हसत होत्या! खदाखदा हसत होत्या, मास्कमध्ये पाणी शिरेपर्यंत. आणि मास्कमधलं सगळंच पाणी समुद्राचं नव्हतं.

सूनबाईने पट्ट्यातली छिन्नी काढून पान्याकडे बोट केलं. काढू? चार घाव घातले असते तर पाना सुटला असता. सासूबाईंनी मान हलवली. नाही. मग छिन्नी तिच्या हातातून स्वतःच्या हातात घेतली, हात मागे नेला आणि पाठीवरच्या सिलिंडरवर आपटली.

टण... टण-टण!

आवाज चहूकडून आला. वरून, खालून, प्रवाळातून. सूनबाईने सासूबाईंचा खांदा घट्ट धरला.

तेवढ्यात जांभळे पंखे एकदम आडवे झाले. ओहोटीचा प्रवाह! नारिंगी मासे फांद्यांत गडप झाले. सूनबाईने अंगठा वर केला. पण प्रवाह थांबणारा नव्हता. त्याने सासूबाईंना उचललं. धरायला प्रवाळच होतं, आणि सासूबाईंनी हात लांब करून तसाच मागे घेतला. फांदी मोडली असती! दुसऱ्या क्षणी त्या, प्रवाळ जिथं संपतं त्या कड्यापलीकडे होत्या, खाली काळं निळं पाणी आणि तळ नाही.

सूनबाईने झेप घेतली. पाय मारले. आणखी मारले. बोटं सासूबाईंच्या पट्ट्याला लागली, सुटली, पुन्हा लागली. धरलं! दोघी एकमेकींना धरून वाहत होत्या. वर, हळूहळू वर. घाई केली तर फुप्फुसं फुटतील. सूनबाईने नवा फुगा काढला, हवा भरली, सोडला. दोरा रिळात अडकला! फुगा तिला वर ओढू लागला. सोड! तिने रीळ सोडलं. नवा कोरा फुगा दोऱ्यासकट एकटाच निघून गेला, वाऱ्याबरोबर भलतीकडेच.

सूनबाईचा श्वास वाढला. काटा झरझर उतरत होता. बोट कुठे? मामांना कसं कळणार? आणि तेवढ्यात तिच्या गालावर, मास्कच्या खाली, एक हात आला. सासूबाई तिच्या डोळ्यांत बघत होत्या. हात हळू वर, हळू खाली : घे श्वास... सोड. घे... सोड. तापात उशाशी बसलेलेच ते डोळे होते. सूनबाईचा श्वास जागेवर आला. मग सासूबाईंनी पट्ट्याचं गाठोडं सोडलं.

लाल रेनकोट! सासऱ्यांचा, दोन्ही बाह्या शिवून बंद केलेला. त्याने पोट फुगवलं आणि दोरी ताणत वर गेला.

वर लाटा उठल्या होत्या. वारा सुटला होता. आधी काहीच दिसेना. सूनबाई शिट्टी फुंकत राहिली. आणि मग दोन लाटांच्या मधून बोटीचं नाक वर आलं, टपावर मामा उभे, दोन्ही हात हलवत!

"दिसलात! दिसलात! भावजींचा रेनकोट दिसला!" जवळ येताच ते ओरडले, "आता उभं राहिलं तर चालेल ना?"

सूनबाईचा जीव भांड्यात पडला. बोटीत चढल्यावर तिने सासूबाईंना मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही.

"अगं, सोड. माझ्या फासळ्या काही प्रवाळाच्या नाहीत," सासूबाई म्हणाल्या. पण त्यांनीही हात काढले नाहीत.

परतीच्या वाटेवर मामांनी विचारलं, "मग? भावजींना काय दाखवायचं होतं?"

"आम्हालाच," सासूबाई म्हणाल्या. "शेजारी शेजारी राहून भांडणारी दोन खोडं. तेव्हा दाखवलं असतं ना, तर मी आणखी चिडले असते. बरं झालं तेव्हा पाठ फिरवली." मग त्या लाटांकडे बघत राहिल्या आणि डोळे न पुसता म्हणाल्या, "नाही, बरं नाही झालं. एकदा वळून बघायला हवं होतं."

सूनबाईने त्यांचा हात हातात घेतला. दोघी तशाच किनारा येईपर्यंत बसल्या.

दिवेलागणीला दुकानाचं शटर अर्धं उघडं होतं. चिरंजीव वर होते. स्वयंपाकघरात दिवा दिसत होता. सूनबाई रिकामे सिलिंडर आत आणत होती, सवयीने जपून, आवाज न करता. सासूबाई ओल्या केसांनी भिंतीपाशी गेल्या, खिळ्यावरचा नवा पाना काढला आणि समोरचा सिलिंडर वाजवला.

टण... टण-टण!

वर काहीतरी खळ्कन पडलं. जिन्यावर धडधड पावलं वाजली. चिरंजीव शेवटच्या पायरीवर येऊन थांबले, चेहरा पांढराफटक, हातात तशीच गाळणी. "आलो! कोण... आई?"

"पहिल्याच हाकेला ओ दिलीस," सासूबाई म्हणाल्या. "शहाणा आहेस. आईवर गेला नाहीस."

"पाना मिळाला?"

"मिळाला. आहे तिथं बरा आहे, दोघांनी धरून ठेवलाय." त्यांनी नवा पाना पुन्हा खिळ्यावर न टांगता सिलिंडरच्या शेजारी, हाताशी येईल असा ठेवला. "आता चहा टाक. आणि उद्यापासून हा वाजवत जा. मी लगेच ओ देईन."